न दिसणाऱ्या दीपाची ओळख

मांडव्याच्या धक्क्यावर सायंकाळीं उभें राहिलें म्हणजे पाण्यापलीकडची मुंबई हळूहळू पुसट होऊं लागते. इमारतींचे आकार अंधारांत बुडतात आणि कुलाब्याच्या टोंकापुढील खडकावर प्रॉंग्जचा दीपस्तंभ झळकूं लागतो. खलाशाला मनोरा दिसला नाहीं तरी चालतें. उजेड किती काळानें झळकतो एवढ्यावरून दीप कोणता हें तो ओळखतो. त्याच कुलाब्यांत टाटा मूलभूत संशोधन संस्थेंतील शास्त्रज्ञांचें कामही याच जातीचें आहे. त्यांचा दीप म्हणजे अणूचा गर्भ. मात्र त्याचा आकार डोळ्यांनीं कधींच दिसावयाचा नाहीं.

निसर्गांतील बहुतेक सर्व लँथेनमच्या गर्भांत १३९ कण असतात. १३३ कणांचा लँथेनम खाणींत सांपडत नाहीं. घडविला तरी सुमारें चार तासांत त्याचा निम्मा अंश लय पावतो. तो मिळविण्यासाठीं १९८८ सालीं उभारलेल्या कुलाब्याच्या पेलेट्रॉन यंत्रांतून बोरॉनचे वेगवान कण टेल्युरियमच्या पातळ थरावर सोडण्यांत आले. दोन गर्भ एकजीव झाले, चार न्यूट्रॉन उडून गेले आणि उरलेला नवा गर्भ भोवऱ्यासारखा गरगरूं लागला. त्याचें फिरणें पायरीपायरीनें उतरतें आणि प्रत्येक पायरीस बहुधा एक गॅमा किरण बाहेर पडतो. या किरणांची शक्ति हीच त्या दीपाची खूण होय.

किरण टिपण्यासाठीं अतिशुद्ध जर्मेनियमचे चार स्फटिक पाकळ्यांप्रमाणें एकत्र बसवितात. द्रवरूप नायट्रोजननें ते थंड ठेवले नाहींत, तर उष्णतेमुळें स्फटिकांतून वाहणारी वीज खऱ्या संकेतास झांकून टाकते. भारतीय राष्ट्रीय गॅमा व्यूहांत असे चोवीस शोधक बसविण्याची सोय आहे; मुंबई, दिल्ली व कोलकाता येथील यंत्रांवर हा व्यूह पाळीपाळीनें जातो. परंतु एखादा किरण आपली थोडीच शक्ति स्फटिकांत ठेवून निसटतो. ती अर्धवट साक्ष मानली, तर खऱ्या खुणा तिच्या गर्दींत बुडून जातात. म्हणून प्रत्येक शोधकाभोंवतीं बिस्मथ जर्मेनेटचें कवच असतें. निसटलेला किरण तेथें उमटला कीं ती नोंद रद्द होते.

आंब्याची लांबी, रुंदी व जाडी सारखी नसते. तशा घडणीचा गर्भ फिरतां फिरतां डुलेल, असें आगे बोर व बेन मॉटेल्सन यांनीं १९७५ सालीं वर्तविलें होतें. २००१ सालीं ल्युटेशियमच्या गर्भांत त्याचा पहिला पुरावा मिळाला. तेथें फिरणें वाढलें कीं डुलण्याची शक्ति घटत होती. कुलाब्याच्या लँथेनममध्यें मात्र ती वाढत असल्याचें २०१९ सालीं प्रसिद्ध झालें. अर्थात् सारा निर्णय एका गोष्टीवर अवलंबून होता : पायऱ्यांच्या दोन ओळींना जोडणारे किरण मुख्यतः विद्युत् जातीचे कीं चुंबकीय? चुंबकीय ठरले, तर डुलण्याची कल्पनाच डळमळते. पाकळ्यांत किरण कोणत्या दिशेस अधिक विखुरतात हें मोजून ते मुख्यतः विद्युत् जातीचे ठरविण्यांत आले. तरीही असल्या निष्कर्षांवर शास्त्रज्ञांचा वाद संपलेला नाहीं, आणि तो व्हावयासच हवा.

एका दीपास दुसराच दीप समजणारें गलबत खडकावर जातें. म्हणूनच अनुभवी तांडेल पहिल्याच झळकेवर सुकाणूं फिरवीत नाहीं. पुढच्या झळका मोजून मगच तो दिशा ठरवितो.