कणगी आमच्या दारात, दाणे कोणाचे?

(किनवट तालुक्यातल्या मेळाव्यात केलेले भाषण)



पोडा-गुड्यांवरून पायी आलेल्या माय-बापहो, माहूर, हिमायतनगर, भोकरकडच्या भावांनो, लातूरकडून आलेल्या पारधी बांधवांनो, आणि मागं उभ्या असलेल्या पोरा-पोरींनो,

आज आम्ही डेटा सेंटर आन् बॅटरीबद्दल बोलणार आहोत. कोणी म्हणंल, हे तर मुंबईचं काम, आपल्या रानात काहून?

आधी हे काय असतं ते बघू. आपल्या मोबाइलमधला फोटो, बँकेचा हिशेब, रेशनचा अंगठा, हे सगळं कुठंतरी मोठ्या इमारतीत मशीनमध्ये ठेवलेलं असतं. ती इमारत म्हणजे डेटा सेंटर. देशातल्या डेटा सेंटरच्या क्षमतेपैकी जवळपास निम्मी मुंबई-नवी मुंबईत आहे. ऐरोली, महापे तिकडं. मशीन रात्रंदिवस चालतात, तापतात. त्यांना थंड ठेवायला वीज लागते, बऱ्याच ठिकाणी पाणीही लागतं. सूर्याची वीज तर दिवसाच मिळते. रात्रीसाठी ती साठवावी लागते. त्यासाठी महावितरणनं बॅटरी साठवणुकीचे करार केलेत. सह्याद्रीत डोंगरावर एक आन् खाली एक तलाव बांधून पाणी वर-खाली फिरवायचे उदंचन प्रकल्प येतायत. ही सगळी विजेची कणगी हाय. आमचा सवाल एवढाच, कणगी आमच्या दारात आन् दाणे कोणाचे?

हा सवाल नवा नाही. 1921 मध्ये मुळशीच्या मावळ्यांनी हाच सवाल टाटांच्या धरणाला केला. सेनापती बापट त्यांच्यासोबत होते. धरण झालं, मुंबईला वीज गेली, मावळ्यांची भातखाचरं पाण्याखाली गेली. तवा गिरण्या होत्या, आता डेटा सेंटर आहेत. मुंबईतही भोगणारे गरीबच. माहुलच्या वस्तीजवळ ट्रॉम्बेला टाटांचा 500 मेगावॅटचा कोळशाचा संच हाय. तो बंद व्हायचा होता. 2023 मध्ये त्याची मुदत वाढवली. का, तर शहराला वीज पुरत नाही.

आता आपल्या भागात या. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत सबस्टेशनजवळची सरकारी जमीन, म्हणजे गायरानसुद्धा, कंपनीला नाममात्र भाड्यानं मिळते. ग्रामपंचायतीला वर्षाला 5 लाख, तीन वर्षं. खासगी जमिनीला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख, म्हणजे एकरी 50 हजार. आणि सप्टेंबर 2025 मध्ये महसूल मंत्र्यांनी जाहीर केलं, की आदिवासी शेतकऱ्याला आपली जमीन थेट खासगी पार्टीला भाड्यानं देता येईल. किमान किती? एकरी वर्षाला 50 हजार. दोन्हीकडं एकच आकडा. आम्ही आरोप करत नाही, फक्त दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचा म्हणतो.

भाडंच तर हाय, जमीन कुठं जाते, असं काही जण म्हणतात. पण पंचवीस-तीस वर्षांचं भाडं म्हणजे एक पिढी गेली. काँक्रीट टाकलेल्या जमिनीवर आमच्या पोरांनी ज्वारी पेरायची का कापूस लावायचा? गायरानात कूळ नाही, सातबारा नाही, पण शेळ्या तिथंच चरतात, भूमिहीन तिथंच पेरतो. 14 एप्रिल 1990 च्या आधीपासून कसणाऱ्यांना 1991 च्या शासन निर्णयानं हक्क दिला, तरी कित्येकांच्या हातात अजून कागद नाही. कागद नसलेला माणूस सर्वेच्या नकाशात दिसत नाही.

आमच्या एका पोडावर दोन माणसं मोजणीची टेप घेऊन आली होती. बायांनी विचारलं, कशाला मोजता? म्हणाले, सर्वे हाय. कोणाचा? ते काही सांगितलं नाही. बायांनी टेप धरून ठेवली, तवा ते निघून गेले.

विचारायची जागाच ठेवलेली नाही, हे समजून घ्या. सौर प्रकल्पाला पर्यावरण मंजुरी लागत नाही, म्हणून जनसुनावणी नाही. डेटा सेंटर कागदावर 'इमारत' असतं, इमारतीलाही जनसुनावणी नाही. बॅटरीला आग लागली तर काय? अमेरिकेत कॅलिफोर्नियात मॉस लँडिंगला 16 जानेवारी 2025 ला बॅटरी साठवणुकीच्या इमारतीला आग लागली, हजाराहून जास्त माणसांना घरं सोडावी लागली. आपल्याकडं तालुक्याला अग्निशमनची गाडी यायला किती वेळ लागतो, ते तुम्हीच सांगा.

पाण्याचं तर बोलायलाच नको. जुलै 2015 मध्ये पाणी नाही म्हणून परळीचं वीज केंद्र बंद पडलं. एप्रिल 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. ज्या मुलखात प्यायचं पाणी रेल्वेनं येतं, तिथं कोणताही प्रकल्प आणणाऱ्यानं पहिल्यांदा पाण्याचा हिशेब द्यावा.

विचारलं तर फरक पडतो. चिली देशात सेरिलोसमध्ये गुगल डेटा सेंटर बांधणार होतं, सेकंदाला 169 लिटर पाणी मागत होतं. लोकांनी तो कागद वाचला, गावभर सांगितला, कोर्टात गेले. 2024 मध्ये कोर्टानं परवानगी काही अंशी रद्द केली. कंपनीला म्हणावं लागलं, पुन्हा पहिल्यापासून अर्ज करतो, पाण्याऐवजी हवेनं थंड करतो. लांब कशाला? निम्न पैनगंगा धरणाला 1997 मध्ये मंजुरी मिळाली. यवतमाळ आन् नांदेड, दोन्ही काठांची बुडीतातली गावं तवापासून ठराव करतायत, मोर्चे काढतायत. दोन जिल्ह्यांची गावं एक झाली, हीच त्यांची ताकद.

आम्ही विजेच्या विरोधात नाही. आमच्याही पोडावर दिवा पाहिजे, मोटारीला दिवसा लाइट पाहिजे. कोळशापेक्षा सूर्य बरा, हे आम्हालाही कळतं. पण आधी आमच्या घरात उजेड, मग आमच्या संमतीनं बाकीचं.

म्हणून गावी जाऊन ही कामं करा.

एक, ग्रामसभेत ठराव घ्या, की ग्रामसभेला विचारल्याशिवाय कोणताही सर्वे, भाडेकरार, ना-हरकत चालणार नाही. ठरावाची पोच घ्या. पेसा कायदा 1996 चा हाय. 2013 च्या भूसंपादन कायद्याचं कलम 41 सांगतं, अनुसूचित क्षेत्रात संपादनाला ग्रामसभेची संमती पाहिजे.

दोन, आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला भाड्यानं द्यायलाही महसूल संहितेच्या कलम 36-अ प्रमाणं परवानगी लागते. कोऱ्या कागदावर, बाँडवर अंगठा देऊ नका.

तीन, गायरान कोण कसतं, किती वर्षांपासून, त्याची यादी गावानंच करा. सामूहिक वनहक्काचे दावे अडकलेत ते पुढं रेटा.

चार, लातूर, बीड, धाराशिवचे बरेच गायरानधारक पेसाबाहेर आहेत. त्यांना एकटं सोडायचं नाही. त्यांच्या मोर्चात आपण, आपल्या मोर्चात ते.

टेप घेऊन कोणी आलं, तर पहिला सवाल ठरलेला, सर्वे कोणाचा? लेखी द्या.

जल, जंगल, जमीन, आमची! आमच्या गावात आमचंच सरकार! जय सेवा!