गोधडीचा रविवार

(रौप्यमहोत्सवी सोहळ्यात महिला मंडळाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



मंडळाने मला दहा मिनिटे दिली आहेत आणि विषय दिला आहे 'माझा छंद'. गोधडीला छंद म्हटलेलं माझ्या आईला पटलं नसतं. तिच्या लेखी ते वर्षाचं काम होतं. उन्हाळ्यात शेतं मोकळी झाली की पावसाच्या आत शिवायचं आणि घटस्थापनेच्या आधी सगळ्या गोधड्या नदीवर नेऊन धुवायच्या. आमच्या कोल्हापूरकडे तिला वाकळ म्हणतात. बंगालमध्ये कांथा, बिहारमध्ये सुजनी, उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी बायकांची कवंदी, ही सगळी हिचीच भावंडं. जुनं कापड, सुई-दोरा आणि साधा धावदोरा, एवढ्यावर सगळ्यांचं भागतं.

आता घरची गोष्ट सांगते. आमच्या सासूबाई शेवटपर्यंत नऊवारी नेसत. त्या गेल्यावर वन्सं आणि मी त्यांचं कपाट उघडलं. चांगली लुगडी नात्यात वाटली. रोजच्या वापरातली चार उरली. मी म्हटलं, "यांची गोधडी करू." वन्सं म्हणाल्या, "आईच्या लुगड्याला कात्री लागलेली मला बघवणार नाही." आई त्यांची. मी गप्प बसले. वर्षश्राद्धाला त्या आल्या तेव्हा परत कपाट उघडलं. त्यांनी वरचं लुगडं उलगडायला घेतलं, तर ते घडीवरच विरलेलं होतं. बोट लागताच चर्रकन फाटलं. वन्सं बराच वेळ ते हातात धरून बसल्या. मग म्हणाल्या, "वहिनी, आणा ती कात्री."

मुलींनो, हिशोब ऐका. नऊ वार म्हणजे सत्तावीस फूट. त्याचे चार तुकडे केले की एकेक पावणेसात फुटांचा. पन्हा साधारण पावणेचार फूट. दोन तुकडे शेजारी शेजारी जोडले की साडेसात फूट रुंदी. म्हणजे एका लुगड्यात दोघांच्या गोधडीचा वरचा आणि खालचा, दोन्ही थर निघतात. आत आम्ही उरलेल्या लुगड्यांचे धड भाग आणि सासऱ्यांची दोन धोतरं घातली. सगळं कापड आधी धुऊन, खळ पूर्ण काढून, कडक उन्हात वाळवलेलं.

रविवारी सकाळी हॉलमधलं फर्निचर भिंतीला लावलं आणि थर अंथरले. हाताने सुरकुत्या काढून लांब लांब कच्चे टाके घातले. मग चार बाजूंना चौघी बसलो. शिवण कडेने सुरू करायची आणि फेऱ्या घेत आत मध्याकडे जायचं. दोन ओळींत बोटभर अंतर. कोपरा आला की कापड न ओढता वळायचं, खरी कसब तिथे. शेजारच्या आजींना सुईचं नेढं दिसत नाही, पण कोपरा त्यांच्याइतका सुबक कोणाचाच येत नाही. त्यांचा सहावीतला नातू दहा सुया ओवून उशीला टोचून ठेवायचा आणि खेळायला पळायचा. सुया संपल्या की आजी खिडकीतून हाक मारायच्या.

जेवणाचं काय, हा प्रश्न सगळ्याच विचारतात. आमचा नियम असा की त्या दिवशी कोणी अर्ध्या तासाहून जास्त स्वयंपाकघरात जायचं नाही. दोन वाट्या तांदूळ, एक वाटी मूगडाळ, हळद, हिंग, मीठ आणि भरपूर पाणी घालून कुकर लावायचा. वर साजूक तूप. कोणी ताक आणलं, कोणी भाजलेले पापड, कोणी लिंबाचं लोणचं. पानं मात्र आतल्या खोलीत, आणि परत बसण्याआधी साबणाने हात धुवायचे, कारण पांढऱ्या धोतरावर हळदीचा डाग पडला की पडलाच. चार वाजता चहा आणि मूठभर गूळ-शेंगदाणे. आदल्या दिवशी तळण करत बसलो असतो तर सुई धरायला अंगात त्राणच उरलं नसतं.

गोधडी एका दिवसात होत नाही हेही सांगते. एका दिवसात फार तर बाळाचं दुपटं होतं. आम्हाला पाच रविवार लागले. त्या पाच रविवारी, पंचवीस वर्षं जिन्यात नुसतं हसून पुढे जाणाऱ्या आम्ही शेजारणी, कोणाचं माहेर कुठलं, कोणाला काय दुखतं आणि कोणाचा मुलगा फोन करत नाही, एवढं सगळं एकमेकींना सांगून बसलो.

गोधडी वन्संनी नाशिकला नेली. थंडीत त्यांचा फोन आला, "वहिनी, आईच्या लुगड्याचा काठ बरोबर हनुवटीशी येतो हो."

आता मुद्द्याचं. आज आपल्या सोसायटीत गोधडीचा कोपरा नीट वळवता येणाऱ्या आम्ही चौघी आहोत. त्यात सगळ्यात लहान मी, चौसष्ट वर्षांची. सुवर्णमहोत्सवाला या व्यासपीठावरून कोणीतरी गोधडीवर बोलावं असं वाटत असेल, तर शिकणाऱ्या हातांनी आत्ताच यायला हवं. मुलगे आणि जावई आले तरी चालतील. सुईला त्यातलं काही कळत नाही.

पुढच्या महिन्यापासून दर दुसऱ्या रविवारी सकाळी दहा वाजता सोसायटीच्या हॉलमध्ये सतरंजी अंथरलेली असेल. येताना वापरून मऊ झालेली एक सुती साडी किंवा चादर आणा. नायलॉन-पॉलिएस्टर नको, ते शिवताना सरकतं आणि घाम टिपत नाही. खिचडीचा कुकर माझ्याकडे. ताक मात्र कोणीतरी आणा.