वीज तोडण्याआधी १५ दिवस

'मागील बिल अपडेट नाही, आज रात्री ९.३० ला वीज कापली जाईल, या नंबरवर फोन करा.' २०२२ साली असे मेसेज राज्यभर फिरले, महावितरणला ग्राहकांना सावध करावं लागलं. नागपूरचा मे महिना अन् कूलर बंद होणार म्हटल्यावर कोण नाही घाबरणार? फोन लावला की समोरचा गोड बोलून एक अ‍ॅप टाकायला लावतो, 'फक्त १० रुपये भरा' म्हणतो. त्या अ‍ॅपमधून आपली स्क्रीन त्याला दिसते, ओटीपीसुद्धा.

म्हणून एकच गोष्ट सांगते, ती पाठ करा. वीज कायदा २००३, कलम ५६ : थकबाकीपोटी वीज तोडण्याआधी १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावीच लागते. 'आज रात्रीच' म्हणणारा महावितरणचा नसतोच. शंका वाटली तर आपणच १९१२ ला विचारा.

तरीही पैसे गेले तर लाजू नका, लपवू नका. लगेच १९३० ला आणि बँकेला कळवा. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमाप्रमाणे, बँकेला कळवल्यानंतर होणारं नुकसान बँकेचं. आणि मुलांनो, आईबाबांनी सांगितलं तर आधी फोन लावा; रागवायचं ते नंतर!