हिरवी पाटी आणि विजेचे बिल



वसंत व्याख्यानमाला म्हटली की संतवाङ्मय, इतिहास, नाट्य, फार तर अर्थकारण असे विषय आपल्या डोळ्यांसमोर येतात. आजचा माझा विषय त्या मानाने रुक्ष आहे. महानगरपालिका ज्या ‘हरित’ इमारती बांधतात, त्यांचे पुढे काय होते, हा तो विषय. रुक्ष असला तरी तो परका मात्र नव्हे. जन्माचा दाखला, घरपट्टी, नळजोडणी, दवाखाना, मुलांची शाळा, ह्यांपैकी कशासाठी ना कशासाठी आपणां प्रत्येकाला ह्या इमारतींची पायरी चढावी लागते. त्या आपल्या करांतून उभ्या राहतात, आणि त्यांच्या पंख्यांचे व नळांचे बिलही आपणच भरतो. तेव्हा घरधन्याने घराची चौकशी करावी, तशी ही चौकशी आहे.

प्रथम ‘हरित इमारत’ म्हणजे काय ते पाहू. कल्पना मुळीच नवी नाही. कोकणातल्या जुन्या घराला खोल वळचण असे, पुढेमागे पडवी असे, कौलांमधून गरम हवा वर निघून जाई. ऊन भिंतीपर्यंत पोहोचू द्यावयाचे नाही, वारा मात्र आरपार खेळता ठेवावयाचा, हे शहाणपण त्यात होते. नवे आहे ते ह्या शहाणपणाला गुण देण्याचे शास्त्र. अमेरिकेत गेल्या शतकाच्या अखेरीस ‘लीड’ नावाची मानांकनपद्धती निघाली. आपल्याकडे २००१ साली भारतीय हरित इमारत परिषद स्थापन झाली. हैदराबादच्या सोहराबजी गोदरेज केंद्राच्या इमारतीला २००३ साली प्लॅटिनम दर्जा मिळाला, आणि अमेरिकेबाहेर तो मान मिळवणारी ती पहिली इमारत ठरली. पुढे आपल्या हवामानाचा विचार करून ‘गृह’ ही भारतीय पद्धती आली. तीत एक ते पाच तारे मिळतात. दिल्लीचे इंदिरा पर्यावरण भवन २०१४ साली उभे राहिले, त्याच्या माथ्यावर ९३० किलोवॅटची सौरयंत्रणा आहे. आणि दिल्लीपर्यंत कशाला जावयाचे? त्याच वर्षी आपल्या शेजारी बेलापूरला नवी मुंबई महानगरपालिकेचे घुमटाचे मुख्यालय सुरू झाले. तेही हरित मानांकनाचे आहे.

हे सर्व अभिमानास्पद आहे, ह्यात शंका नाही. परंतु मानांकन नेमके कशाला मिळते, हे आपण विचारले पाहिजे. नव्या इमारतीचे मानांकन मुख्यतः नकाशाला, साहित्याला, बसवलेल्या यंत्रांना आणि संगणकावर मांडलेल्या हिशेबाला मिळते. कार्यालय इतके तास चालेल, इतकी माणसे बसतील, खिडक्या अशा उघडतील, असे गृहीत धरून वर्षाला किती वीज लागेल ते काढतात. म्हणजे मानांकन हे एक वचन आहे. लग्नातल्या सप्तपदीसारखे म्हणा! सप्तपदी झाली म्हणून संसार झाला असे होत नाही. संसार पुढे रोज करावा लागतो.

हे वचन कितपत पाळले जाते, ह्याची तपासणी झालेली आहे. कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेतील संशोधकांनी २००९ साली ‘लीड’ मानांकनाच्या शंभर इमारतींच्या प्रत्यक्ष वीजवापराचा, इंधनाचा हिशेब प्रसिद्ध केला. सरासरीने पाहता त्या इमारती साध्या इमारतींपेक्षा दर चौरस मीटरला १८ ते ३९ टक्के कमी ऊर्जा वापरत होत्या. म्हणजे हा सारा देखावा आहे असे म्हणणाऱ्यांचे म्हणणे खोटे ठरले. पण त्याच हिशेबात दुसरी गोष्टही निघाली. त्यांतल्या २८ ते ३५ टक्के इमारती आपल्या जोडीच्या साध्या इमारतीपेक्षा अधिक ऊर्जा खात होत्या. आणि दर्जा चांदीचा की सोन्याचा, ह्याचा खऱ्या वापराशी फारसा संबंध दिसला नाही. तात्पर्य, पद्धत बरी आहे, परंतु पाटी पाहून एखाद्या विशिष्ट इमारतीबद्दल खात्री बाळगता येत नाही. ती खात्री फक्त मीटर देतो.

आता असे का होते? माझ्या मते ह्याचे मर्म एका साध्या गोष्टीत आहे. घरातला नळ बिघडला तर पाणी येत नाही, आणि आपण प्लंबर बोलावतो. हरित यंत्रणा बिघडली तर कोणाचेच काही अडत नाही. समजा, गच्चीवरची सौरयंत्रणा जुलैत बंद पडली. कार्यालयातला एकही पंखा थांबत नाही. कारण तारेतून नेहमीची वीज येतच असते. पावसाच्या पाण्याची टाकी गाळाने भरली, तरी नळाला पालिकेचे पाणी असते. सांडपाणी शुद्ध करणारे यंत्र बंद ठेवले, तर पाणी मुकाट्याने गटारात जाते. ह्या प्रत्येक चांगल्या यंत्रणेच्या मागे एक जुनी यंत्रणा राखीव उभी असते, म्हणून चांगली यंत्रणा मेली तरी तिचे सुतक कोणी पाळत नाही. साहेबांना कळत नाही, कारकुनाला कळत नाही, रांगेतल्या नागरिकाला तर नाहीच नाही. कळते ते फक्त बिलाला. आणि बिल वाचावयाचे कोणी?

सरकारी इमारतीत हा रोग अधिक बळावतो, त्याची कारणे माणसांच्या वाईटपणात नाहीत, व्यवस्थेत आहेत. बांधकामाचा खर्च भांडवली, देखभालीचा महसुली. पहिल्याला कोनशिला असते, दुसऱ्याला कोणी नारळ फोडत नाही. जो अभियंता इमारत उभी करतो, त्याची बदली होते, आणि कोणती झडप कशासाठी आहे हे ज्ञान त्याच्याबरोबर जाते. देखभालीचा ठेका सर्वांत कमी दराला जातो. विभाग वाढतात, मग प्लायवुडच्या भिंती घालून केबिनी होतात. आरपार वाऱ्यासाठी ठेवलेली वाट बंद होते, खिडकीपुढे फायलींचे कपाट येते, दिवसा दिवे लागतात, आणि शेवटी भिंतीला एक वातानुकूलन यंत्र टांगले जाते. नकाशातली इमारत आणि वापरातली इमारत ह्यांची पाच वर्षांनी ओळखही राहत नाही.

आता आपल्या दिव्याकडे येतो. कोणी म्हणेल, “अहो, जिथे नळाला पुरेसे पाणी नाही, तिथे तारे आणि पदके कसली सांगता?” मी म्हणतो, जिथे टंचाई आहे तिथेच ह्या प्रश्नाला धार आहे. राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणे कार्यालयात माणशी दिवसाला ४५ लिटर पाणी धरतात. समजा, दीडशे माणसांचे प्रभाग कार्यालय आहे. त्याला दिवसाला पावणेसात हजार लिटर लागतील. शौचालयाची जुनी टाकी एका वेळी दहा-बारा लिटर ओतते, नवी दुहेरी टाकी तीन किंवा सहा. त्या टाक्या नीट चालल्या तर वाचलेले पाणी कोणाच्या तरी हंड्यात पडू शकते. गळक्या राहिल्या तर पाटी हिरवी असूनही ती टंचाई वाढवतात.

पावसाचेही पाहा. ठाण्याच्या परिसरात वर्षाला सुमारे अडीच हजार मिलिमीटर पाऊस होतो. पाचशे चौरस मीटरच्या छपरावर साडेबारा लाख लिटर पाणी पडते. त्यातले ऐंशी टक्के धरले तरी दहा लाख लिटर होते. पण देशावरच्या कोरड्या मुरमाड जमिनीसाठी जो शोषखड्डा योग्य, तो खाडीकाठच्या सखल जमिनीत उपयोगी पडेलच असे नाही. भर पावसात जिथे भूजल पायाशी आलेले असते, तिथे खड्डा पाणी घेणार कोठून? अशा ठिकाणी खड्ड्यापेक्षा साठवणीची टाकी आणि शौचालयाकडे जाणारा वेगळा नळ अधिक कामाचा. गुण दोहोंना मिळतील. उपयोग मात्र जागा पाहून ठरवावा लागेल.

आणि वाऱ्याचे काय? दिव्यात वर्षानुवर्षे ठाण्याचा कचरा पडत होता. ती कचराभूमी २०२३ साली बंद झाली. धूर आणि दुर्गंधी असताना कोणत्या वास्तुविशारदाने कितीही सुरेख खिडकी काढली असती, तरी माणसाने ती लावूनच घेतली असती. इमारत हरित व्हावयाची तर गाव आधी मोकळा श्वास घेणारे हवे. उलट दिव्याची एक जमेची बाजूही सांगतो. आपले स्थानक जंक्शन आहे. पनवेलचा आणि वसईचा फाटा इथूनच निघतो. पालिकेचे कार्यालय स्थानकापासून चालत जाण्याजोगे ठेवले, तर नागरिकांचे जे पेट्रोल वाचेल ते कोणत्याही काचेने वाचणार नाही.

तर मग उपाय काय? मी तीनच सांगतो, आणि तिन्ही स्वस्त आहेत.

पहिला उपाय असा की इमारतीच्या दारात तिचा वार्षिक ताळेबंद लावावा. त्यात चार आकडे पुरेत: चटईक्षेत्र किती, वीज किती युनिट विकत घेतली, सूर्यापासून किती मिळाली, पाणी किती लिटर लागले, शेजारी मागच्या वर्षीचे तेच आकडे. इंग्लंडमध्ये २००८ सालापासून मोठ्या सार्वजनिक इमारतींना प्रत्यक्ष वापरावरून काढलेले ऊर्जेचे प्रमाणपत्र लोकांना दिसेल असे लावावे लागते. आपल्या ऊर्जा कार्यक्षमता विभागाची कार्यालयांसाठीची तारांकन योजनाही २००९ पासून दर चौरस मीटरला वर्षाकाठी किती युनिट, ह्याच मापाने चालते. हिशेब शाळकरी मुलाला येईल असा आहे. दोन हजार चौरस मीटरच्या कार्यालयाने एक लाख वीस हजार युनिट वापरले, तर माप झाले साठ. पुढच्या वर्षी सत्तर झाले, तर का झाले हे विचारण्याचा अधिकार दारात उभ्या असलेल्या प्रत्येकाला आहे. सौर विजेचेही तसेच. आपल्या भागात एका किलोवॅटमागे दिवसाला सरासरी चार युनिट धरतात. तीस किलोवॅटची यंत्रणा वर्षाला सुमारे चव्वेचाळीस हजार युनिट देईल. पाटीवर वीस हजार दिसले, की ओळखावे, एक तर धूळ साचली आहे, नाहीतर यंत्र झोपले आहे.

दुसरा उपाय अंदाजपत्रकातला आहे. ज्या दिवशी इमारतीच्या बांधकामाला मंजुरी मिळते, त्याच दिवशी पुढील दहा वर्षांच्या देखभालीची तरतूद स्वतंत्र शीर्षाखाली दाखवावी, आणि ठेकेदाराचे काही पैसे वर सांगितलेल्या आकड्यांशी बांधावेत. निदान दोन पावसाळे पाहिल्याशिवाय इमारत पूर्ण झाली असे मानू नये.

तिसरा उपाय माणसाचा. प्रत्येक इमारतीला पदनामाने एक राखणदार असावा. त्याच्याकडे नोंदवही असावी. पॅनेल कधी धुतले, गाळ कधी काढला, मीटर किती दाखवतो, हे तीत लिहावे. बदली होताना किल्ल्यांबरोबर ही वहीही हवाली करावी. देवळाचा नंदादीप तेवत राहतो, तो ज्याने दीपमाळ बांधली त्याच्या पुण्याईने नव्हे. रोज तेल घालणाऱ्या गुरवामुळे तेवतो.

हे सर्व होईपर्यंत आपण हात जोडून बसावयाचे कारण नाही. २००५ सालचा माहितीचा अधिकार आपल्या हाती आहे. वीजबिल हे काही राज्यरहस्य नव्हे. एखाद्या वाचनालयाने, एखाद्या शाळेच्या विज्ञानमंडळाने आपल्या गावातील एका पालिका इमारतीची बारा बिले मिळवावी, क्षेत्रफळाने भागावे, आणि आलेला आकडा फळ्यावर लिहावा. त्यात कोणाची निंदा नाही. आकडा चांगला निघाला तर त्या कर्मचाऱ्यांचा सत्कार करावा. वाईट निघाला तर नम्रपणे कारण विचारावे.

आपल्या गावाचे नावच दिवा आहे, आणि दिव्याखाली अंधार ही म्हण आपणांस फार वेळा ऐकून घ्यावी लागते. उद्या येथे पालिकेची नवी वास्तू उभी राहील. तिच्या दर्शनी भिंतीवर कदाचित हिरवी पाटीही येईल. पाटीचे आपण स्वागत करू. पण तिच्या शेजारी एक साधा काळा फळा टांगावयास सांगू, आणि त्यावरचा आकडा दर वर्षी वाचावयास येऊ. पाटी एकदा मिळते. फळा मात्र दर वर्षी पुसून पुन्हा लिहावा लागतो. त्या लिहिण्याची सवय लागली, तर इमारत हरित राहील.