धागा जाळून बघितलास का?

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला दहा मिनिटं दिली आहेत आणि विषय दिला आहे, ‘परदेशात काय केलंस ते सांग’. माझ्या आधी आपल्या डॉक्टर मित्रानं दवाखान्याचं सांगितलं, मैत्रिणीनं शाळा कशी काढली ते सांगितलं. मी त्यांच्यापुढं काय सांगणार? म्हणून मी ठरवलं, आज चिंधीवर बोलायचं. हसू नका. चार बोटं रुंदीची चिंधी. तिच्यामुळं एका भल्या माणसाचं माझ्या हातून नुकसान झालं आणि त्याच चिंधीनं मला परत या गावात, या शाळेत आणून सोडलं.

आपण इचलकरंजीची पोरं. विठ्ठलराव दातारांनी १९०४ साली इथं पहिला यंत्रमाग आणला, हे आपल्याला पाठ आहे. धोट्याच्या खटखटीत अभ्यास केला, सुट्टीत कांड्या भरल्या. मी पुढं कापडाचंच शिकलो आणि नॉर्थ कॅरोलायनातल्या एका गिरणीत लागलो. तिथल्या गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, तसा इंडियाना राज्यात गाड्यांच्या सीटचं कापड तपासायच्या नोकरीवर आलो. तिथं शेजारी एक म्हातारे गृहस्थ. निवृत्त सुतार. त्यांना मी मनातल्या मनात तात्या म्हणतो, इथंही तेच म्हणेन.

तात्यांना नाद ठासणीच्या बंदुकीचा. आपल्याकडंही ती होती. माझ्या आजोळी, घाटाखाली, रानडुकरं हाकायला आजोबांकडं एक होती. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वरून काथ्या ठासायचा, मग छर्रे. तात्यांची बंदूक त्याच जातीची, पण जरा शहाणी. अठराव्या शतकात जर्मनीहून पेनसिल्व्हेनियात आलेल्या कारागिरांनी जी लांब नळीची रायफल घडवली, तिची नक्कल. तिच्या नळीत आतून पेचदार खाचा असतात. खाचांमुळं गोळी भोवऱ्यासारखी फिरत बाहेर पडते आणि म्हणून सरळ जाते. अमेरिकेत आजही हजारो लोक हौसेनं या बंदुकांनी नेमबाजी करतात. त्यांची राष्ट्रीय संघटना १९३३ साली स्थापन झाली आणि इंडियानातल्याच फ्रेंडशिप नावाच्या लहानशा गावात तिच्या स्पर्धा होतात. गावाचं नावच ‘मैत्री’. आजच्या कार्यक्रमाला शोभेल असं.

आता चिंधी कुठं आली? सांगतो. गोळी शिशाची, गोल, गोटीसारखी. तात्यांच्या नळीचा व्यास अर्धा इंच, म्हणजे ५०० सहस्रांश. गोळी ४९० सहस्रांश. दोहोंत दोन्ही बाजूंना पाच-पाच सहस्रांशाची फट. नुसती गोळी टाकली तर ती खुळखुळत खाली जाईल, खाचांना शिवणारही नाही, म्हणजे फिरणारही नाही. म्हणून नळीच्या तोंडावर वंगण लावलेली चिंधी ठेवायची, तिच्यावर गोळी, आणि दोघांना गजानं एकत्र खाली ठासायचं. चिंधी गोळीला पिशवीसारखी लपेटते. खाचा दहा सहस्रांश खोल. म्हणजे उंचवट्यावर पाच सहस्रांशाची फट आणि खाचेत पंधराची. पंधरा-सोळा सहस्रांश जाडीचं कापड उंचवट्यावर चेपतं आणि खाच बरोबर भरून काढतं. खाच पकडते चिंधीला, चिंधी पकडते गोळीला. बार उडाला की मागचा धूर पुढं निसटू न देण्याचं कामही तिचंच. नळीतून बाहेर पडल्यावर थोड्याच अंतरावर ती गळून पडते. गोळी पुढं जाऊन नाव कमावते, चिंधी गवतात पडते.

मी पहिल्यांदा त्यांच्याबरोबर गेलो तेव्हा माझा पहिला प्रश्न काय असेल, ओळखा बघू. “तात्या, वंगण कशाचं?” १८५७ चा धडा आपण सगळ्यांनी वाचलाय. ती एन्फिल्ड बंदूकही ठासणीचीच, फक्त तिला चिंधीऐवजी कागदी काडतूस होतं. तात्या हसले आणि डबी पुढं केली. मधमाश्यांचं मेण आणि ऑलिव्हचं तेल. आपले पंतोजीसुद्धा हात लावतील असं.

पण तात्यांची खरी अडचण होती कापडाची. वंगण घरी होतं, गोळ्या घरी ओतता येतात. कापड मात्र दुकानातून आणावं लागतं आणि दुकानदाराला रंग, पन्हा, भाव एवढंच ठाऊक. जाडी किती विचारलं की तो तुमच्याकडं बघतच राहतो. मला म्हणाले, “तू कापडाचा माणूस. तूच निवड.” मला काय, स्वर्ग दोन बोटं!

कसं निवडायचं ते थोडक्यात सांगतो. पॉपलिन पातळ, फाटतं. फ्लॅनेल हाताला जाड लागतं, पण चिमटीत दाबलं की उरत काहीच नाही. म्हणून कापड नुसतं मोजायचं नाही, मायक्रोमीटरच्या जबड्यात नीट दाबून मोजायचं. वीण घट्ट हवी, आणि ताणा-बाणा दोन्ही सारख्या ताकदीचे हवेत. ताणा भक्कम आणि बाणा कच्चा असेल तर चिंधी एकाच दिशेनं चिरत जाते. डेनिम बहुधा जाड पडतं, गोळी ठासताना घाम फुटतो. आपल्या खाकी हाफ पँटीचं ड्रिल चांगलं. लिनन उत्तम, पण महाग. आणि सगळ्यांत लाडकं कापड कुठलं, तर गादीच्या खोळीचं निळ्या पट्ट्यांचं, ज्याला आपण गादीपाट म्हणतो. कापूस बाहेर येऊ नये म्हणून ते इतकं घट्ट विणलेलं असतं की गोळीलाही पुरून उरतं. कोरं कापड वापरायच्या आधी धुवायचं, कारण त्यात कांजी असते. सायझिंगवाल्यांच्या पोरांना हे सांगायला नको. कांजी गेल्याशिवाय कापड मऊ पडत नाही, वंगणही पीत नाही. धुतल्यावर ते थोडं आटतं, जाडी बदलते, म्हणून मोजायचं ते धुऊन.

आणि शेवटची कसोटी म्हणजे उडालेली चिंधी वाचायची. बार झाल्यावर तात्या पुढं जाऊन गवतातल्या चिंध्या गोळा करत. मधोमध काळा गोल, त्याभोवती खाचांचे ठसे, कडा जराशा विस्कटलेल्या, मग सगळं ठीक. भोकं जळलेली असतील तर कापड पातळ किंवा वंगण कमी. चिरा असतील तर कापड कच्चं किंवा नळीच्या तोंडाची धार बोचरी. मला हे फार आवडलं. आमच्या खात्यात परत आलेल्या मालाचं मी हेच करायचो.

दोन वर्षं मीच कापड निवडलं. तात्यांचे नेम सुधारले. क्लबात मला लोक ‘कापडवाला’ म्हणायला लागले. आणि इथंच माझं डोकं फिरलं.

त्या साली सप्टेंबरात फ्रेंडशिपला स्पर्धा होती. तात्या तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. हाताला कंप सुरू झाला होता. म्हणाले, “ही माझी शेवटची.” कापड संपत आलं होतं. मी दुकानात गेलो, तुकड्यांच्या टोपलीत तोच निळा गादीपाट मिळाला. ताग्यावर चिठ्ठी असते, तुकड्यावर नव्हती. मी चिमटीत धरला, चुरगाळला, घरी नेऊन धुतला, मोजला. सोळा सहस्रांश. तात्यांनी विचारलं, “सुतीच आहे ना?” मी म्हटलं, “तात्या, माझं गाव कापडाचं. आमच्या घरी माग होते. मला सुती कळत नाही?”

त्यांनी विश्वास ठेवला. इतकी वर्षं स्वतः पारखून घेणाऱ्या माणसानं फक्त माझ्या शब्दावर चिंध्या कापल्या.

स्पर्धेत पहिल्या दोन गोळ्या बऱ्या गेल्या. तिसरी लांब. चौथी ठासायला जड गेली. पाचवी अर्ध्या नळीत अडकली. खाली दारू, वर गोळी, मधे हातभर पोकळी. या बंदुकीत याहून वाईट काही नाही. गोळी दारूवर नीट टेकलेली नसताना बार उडवला तर नळी फुगते, फुटूही शकते आणि तिच्यामागं माणसाचा चेहरा असतो. तात्या जुने जाणते. त्यांनी बोटसुद्धा चापाकडं नेलं नाही, हात वर करून मैदानाच्या पंचाला बोलावलं. नळीत पाणी ओतून दारू भिजवली आणि गजाला स्क्रू लावून गोळी उपसून काढली. त्यात वेळ संपला. तात्यांची स्पर्धाही संपली.

मी गवतातून चौथी चिंधी उचलली. कडेला काळपट, टणक मण्यांची रांग. सूत असं जळत नाही. सुताची राख होते. कापडात पॉलिस्टर होतं. दारूच्या आगीत ते वितळून खाचांना चिकटत होतं आणि प्रत्येक गोळीगणिक नळी अरुंद होत होती. तात्यांनी चिंधी माझ्या हातातून घेतली, पाहिली, परत माझ्या हातात ठेवली. एक शब्द बोलले नाहीत. परतीच्या प्रवासातही नाहीत.

त्या रात्री मी इथं घरी फोन केला. आबा तेव्हा होते. त्यांना बंदुकीतलं काही कळत नव्हतं, पण सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, “धागा जाळून बघितलास का?”

नव्हता बघितला. एक काडी ओढायची होती.

आणि बाई, आता तुमच्याशी बोलतो. आठवीत तुम्ही प्रयोगशाळेत सगळ्यांना घरून एकेक धागा आणायला सांगितला होतात. चिमट्यात धरून मेणबत्तीवर जाळायचा. सूत कागदासारखं जळतं, कागदासारखाच वास, बोटानं चिरडेल अशी मऊ राख. लोकर केसासारखी घाण वास मारते. टेरिलीन आक्रसतं, वितळतं आणि कडक मणी होतो. वहीत तक्ता काढला होता. मला दहापैकी नऊ मिळाले होते.

त्या दिवशी तुम्ही मला विचारलंत, “धागा कुठला?” मी म्हणालो, “आमच्या कारखान्यातला.” मित्रांनो, आमचा कारखाना नव्हता. माझे वडील दुसऱ्याच्या मागावर कामगार होते, रात्रपाळी करायचे. मी पाचवीपासून तुम्हाला सांगत आलो की आमचे माग आहेत. मागवाल्यांची पोरं डबा देतील, बरोबर बसू देतील, म्हणून. तात्यांनाही मी तेच सांगितलं, ‘आमच्या घरी माग होते’. चाळीस वर्षांनी, सात समुद्रापलीकडं, जिथं हे कुणी तपासायला येणार नव्हतं, तिथंसुद्धा. बाईंना खरं माहीत होतं, कारण फी माफीचा अर्ज त्यांच्याच हातून गेला होता. त्या वर्गात काही बोलल्या नाहीत. धागा घेतला, जाळला, म्हणाल्या, “चांगलं सूत आहे.” माझं खोटं झाकून वडिलांच्या कामाला मार्क दिले.

मी कापड मोजलं होतं, धुतलं होतं. जाळलं नव्हतं, कारण जाळून बघणं म्हणजे माझ्या पारखेवर शंका घेणं. आबांनी आयुष्यभर दुसऱ्याचं सूत विणलं, पण नव्या लॉटचा धागा जाळल्याशिवाय मागावर चढवला नाही. मालकाचा मुलगा असल्याचा आव मी आणला, आणि कामगाराची सवय विसरलो.

दुसऱ्या दिवशी तात्यांच्या दारात जाऊन माफी मागितली. माग कुणाचे होते तेही सांगितलं. त्यांनी ऐकलं आणि आत जाऊन काड्यापेटी आणून माझ्या हातात दिली. “हे तुझ्या अवजारांत ठेव.” तात्या पुन्हा स्पर्धेत उतरले नाहीत. आता नातवाच्या बंदुकीसाठी ते चिंध्या कापतात. त्यांच्या बंदुकीच्या दस्त्यात चिंध्या ठेवायला पितळी झाकणाचा एक खण आहे. त्यात माझ्या कापडाच्याच चिंध्या असतात. पण प्रत्येक तुकड्याचा एक धागा त्यांच्यासमोर जाळल्यावरच.

काल इथं पोचल्यावर बाजारात गेलो. पाच मीटर गादीपाट घेतला. दुकानदार म्हणाला, “साहेब, प्युअर कॉटन, डोळे झाकून न्या.” खोलीवर आलो, एक उभा, एक आडवा असे दोन धागे काढले आणि बेसिनपाशी जाळले. राख बोटावर घेतली. मऊ होती, कागदाचा वास होता.

बाई, चांगलं सूत आहे.