रूळ पुसणारी माणसं
(रौप्यमहोत्सवी समारंभातील भाषण)



१९९८ साली कोकण रेल्वे रोह्यापासून थेट मंगळुरापर्यंत सुरू झाली. त्याच वर्षी पुण्यात, कोथरूडला, भाऊसाहेब जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय उघडलं. नातवंडांना घेऊन जरूर बघा.

या छंदात १:८७ हे प्रमाण फार चालतं. दोन रुळांत अंतर अवघं १६.५ मिलिमीटर! इंजिनाला वीज बहुधा रुळांतूनच मिळते. रुळावर धूळ, तेलकटपणा साचला की चाकापर्यंत वीज पोचत नाही आणि गाडी नेमकी बोगद्यात अडते. म्हणून हौशी मंडळी आधी रूळ पुसतात, मग चाकं, मग सांधे तपासतात. बोगद्यात हात जाईल अशी जागा मुद्दाम ठेवतात. नवा पूल बांधायला सगळेच धावतात हो. रूळ पुसायला दोघंतिघंच उरतात. खेळ चालतो तो त्यांच्यामुळे.

खऱ्या रेल्वेचंही तेच. पावसाळ्यात आपल्या मार्गावर गस्तवाले भर पावसात रूळ तपासत चालतात, तेव्हा आपण गाडीत निवांत झोपतो.

आपल्या सोसायटीला २५ वर्षं झाली. मेंटेनन्सचे चेक वेळेवर येतात, याचं बँकवाला म्हणून मला समाधान आहे. पण मिरगाआधी गच्चीचे पाइप मोकळे करायला, टाकी धुताना उभं राहायला आम्ही चार म्हातारेच असतो. आमचे गुडघे आता जिन्याला नाही म्हणतात. तरुणांनो, महिन्यातला एक रविवार द्या. गच्चीची किल्ली माझ्याकडे आहे, आजच घेऊन जा.