वाट पाहणारी नौका
(ज्युबिली-समारंभांत केलेलें भाषण)



आपला हा उत्सव समुद्राच्या शेजारीं होत आहे. म्हणून समुद्रावरील एका सेवेविषयीं चार शब्द बोलतों.

पावसाळ्यांत नैर्ऋत्येचा वारा सुटला, म्हणजे यंत्र बंद पडलेलें जहाज खडकाकडे सरकूं लागतें. तासाला दोनच सागरी मैल सरकलें, तरी दहा तासांत वीस मैल होतात. आणि मुंबईहून रत्नागिरीस येण्यास टगलाही जवळजवळ तितकाच वेळ लागतो. म्हणून अशीं जहाजें ओढून काढणारी बळकट नौका आगाऊच समुद्रावर सज्ज ठेवावी लागते. तिच्यावरून प्रथम हलका दोर जातो, मग जाड दोर, शेवटीं पोलादी. तो लांब सोडतात. म्हणजे लाटेचा हिसका त्याच्या बांकांत जिरतो.

२०११ सालीं 'विस्डम' व 'पवित' हीं जहाजें जुहूच्या वाळूंत रुतलीं, आणि 'रॅक' हें कोळशाचें जहाज मुंबईसमोर बुडालें. 'पवित' तर ओमानजवळ खलाश्यांनीं सोडल्यावर महिनाभर निर्मनुष्य भटकत आलें होतें. त्यानंतर सरकारनें पावसाळ्यांत पश्चिम किनाऱ्यावर अशा नौका भाड्यानें ठेवण्यास आरंभ केला. मे २०२१ च्या तौक्ते वादळांत संकटांत सांपडलेल्या 'गॅल कन्स्ट्रक्टर' ह्या बार्जच्या मदतीस 'वॉटर लिली' नांवाची अशीच नौका धाडली होती. बार्जवरील १३७ माणसें वांचलीं.

आपल्या मिऱ्यावर मात्र ३ जून २०२० रोजीं निसर्ग वादळानें 'बसरा स्टार' बंधाऱ्यावर आणून आपटलें. खलाशी वांचले; सांगाडा वर्षानुवर्षें तेथेंच पडून राहिला.

कोणी म्हणेल, ज्या वर्षीं संकट आलें नाहीं, त्या वर्षींचा ह्या नौकेचा खर्च व्यर्थ गेला. शुभवर्तमानांतील पांच शहाण्या कुमारींचें तेल व्यर्थ गेलें काय? वर मध्यरात्रीं आला, आणि त्या वेळीं तेल विकत आणण्यास अवकाश नव्हता.

बंधुभगिनींनो, एखादें घर दारूनें, कर्जानें वा भांडणानें खडकावर आपटल्यावर आपण धांवतों व हळहळतों. तें सरकूं लागलें तेव्हां आपण कोठें होतों? प्रत्येक वाडींत दोघां-तिघांनीं तरी शेजाऱ्यांची विचारपूस आपली मानावी. मदतीचा दोर हळुवार टाकावा व लांब सोडावा; उतावीळ ओढीनें तो तुटतो. ज्युबिलीचें खरें स्मारक तेंच होईल.

आज रात्रीं समुद्रावर पहारा करणाऱ्या सर्वांना सागरतारा पवित्र मरीया सांभाळो. आमेन.